अक्षतेपाशी येऊन थांबतंय

अप्पा, आज दुकानाचं शटर मी अर्ध्यावरच ठेवलंय. पूर्ण उघडलं की कुणीतरी जिना चढून येणार आणि विचारणार, झालं का काम? झालेलं नाही. समोरच्या टीव्हीवर नवरीची मान खाली आहे, अक्षतेचे लाल ज्वारीचे दाणे तिच्या डोक्यावर हवेतच थांबलेत, नवरदेवाचं तोंड अर्धं उघडं. मी बटण दाबतो, दोन-चार दाणे खाली येतात, पुन्हा थांबतं. संध्याकाळी रिसेप्शन आहे आणि हेच लग्न हॉलमधल्या भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवायचंय, नवरदेवाकडच्या सगळ्या पाहुण्यांसमोर. आणि मी बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला लिहीत बसलोय. ह्याला काय म्हणायचं? तुम्ही असता तर म्हणाला असता, सुम्न कुंद्र. गप बस. आपल्या घरात कानडी दोनच वेळेला निघायची, लाडात आलं तर आणि राग आला तर, आणि तुमच्या तोंडून लाडाची मी फारशी ऐकली नाही.

आपलं लग्नाच्या शूटिंगचं दुकान तिथंच आहे, नवी पेठेत, खाली साड्यांचं दुकान आणि वर आपण. जिन्यात अजूनही त्यांचे गठ्ठे पडलेले असतात, लग्नसराईत तर अंग चोरून आडवं होऊन वर यावं लागतं. खोलीला खिडकी एकच, ती तुम्ही उजेड नको म्हणून प्लायवूड ठोकून बंद केली होती. मी अजून उघडलेली नाही. टीव्हीवर चकाकी येते हे कारण खरंच आहे, पण खोटं कशाला बोलू, आता सवय झालीय. सकाळी एकदा इथं शिरलं की बाहेर ऊन किती तापलंय ते चहावाल्याच्या घामावरून कळतं. तुमचे दोन व्हीसीआर गेले, टेपा जुळवायचा मिक्सर भंगारात गेला, कॉम्प्युटर आला, तोही तीनदा बदलला. सगळं बदललं, बसणारा तेवढा बदलला नाही. कधी कधी छातीवर कुणी गठ्ठा ठेवल्यासारखं होतं. बायको म्हणते, ॲसिडिटी आहे, शेंगाचटणी कमी खा.

मला पुण्याला डिप्लोमाला नंबर लागला होता, ते तुमच्या लक्षात तरी होतं का? बॅग भरली होती. आईनं डबासुद्धा भरला होता. आणि तुमच्या टेबलावर एका टॉवेल-चादरीच्या कारखानदाराच्या पोराचं लग्न अर्धं मिक्स होऊन पडलं होतं. तेव्हा एडिटिंग नव्हतं, मिक्सिंग होतं. एकानं इकडची टेप सोडायची, दुसऱ्यानं त्याच क्षणी तिकडची धरायची. एकट्याचं काम नव्हे ते. तुम्ही जेवत होता. उजवा हात ताटात आणि डावा मांडीवर उपडा, कारण तो टेपचा हात, त्याला तेल लागता कामा नये. मान वर न करता तुम्ही म्हणालात, "एवढं लग्न होऊ दे, मग जा." बस्स, एवढंच. ओरडला असता तर मीपण ओरडलो असतो, दार आपटून निघून गेलो असतो. पण इतक्या साध्या बोलण्यावर माणूस काय भांडणार? मी बॅग कॉटखाली सरकवली.

ते लग्न झालं, मग दुसरं आलं. सोलापुरात लग्नं कधी संपतात का हो? कॉलेजची तारीख निघून गेली. मग तुम्ही हैदराबादहून माझ्यासाठी हेडफोन आणलेत, कानाला मऊ गादीचे, आणि घरभर दाखवत फिरलात. सगळे म्हणाले, बापाचा जीव बघा लेकरावर. मी ते कानाला लावले आणि मला कळलं, हे दावं आहे. मऊ आहे म्हणून काय झालं, दावं ते दावंच. पुढं वर्ष-दीड वर्षात तुम्ही गेलात. मग तर सोडा म्हणायलाही कुणी उरलं नाही. मला राग होता अप्पा. तेराव्याला आलेले लोक म्हणत होते, पोरगं कसं शांत आहे बघा. शांत कसलं, आतून नुसतं जळत होतो.

तुम्ही असताना जी शेवटची लग्नसराई आपण दोघांनी केली, त्यातलं अक्कलकोटकडचं लग्न आठवा. तुमच्या मोठ्या कॅमेऱ्यानं टेप चघळून टाकली. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी मी शेवटच्या मंगलाष्टकाला बदलत होतो, कारण तुम्हीच तसं सांगितलं होतं. सावधान झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि आपल्या दोघांच्याही टेपवर काही नाही. तुम्ही थेट लग्न लावणाऱ्या स्वामींच्या पायाशी गेलात, अजून एकदा अक्षता टाकू द्या म्हणून. तशी नवरीची आजी उठली. "मदवी वंद सल आगतद," लग्न एकदाच लागतं, "तुमच्या मशिनीसाठी माझ्या नातीचं दोनदा लावू व्हय?" सगळा मांडव हसला. त्या हसण्याचा राग तुम्ही माझ्यावर काढलात, भर पंगतीत, वाढप्यांसमोर. "अक्षता परत पडत नसतात. एवढं कळत नाही तर कॅमेरा धरतोस कशाला?" मी पानातली गव्हाची गोड हुग्गी तशीच टाकून उठलो. चूक तुमच्या टेपची होती. हे मी आज पहिल्यांदा म्हणतोय, ते पण तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? आपल्या स्वयंपाकघरात लाईट लावलेत. आईला तवा उतरवायला लावलात, भिंतीवर तिचा पिवळा शालू टांगलात, वाटीभर ज्वारी कुंकवाच्या पाण्यात रंगवून घेतलीत. आई स्टुलावर उभी राहून मुठीनं दाणे सोडतेय, मी खाली मांडी घालून बसलोय, माझ्या डोक्यावर कुणाच्यातरी जुन्या बाशिंगाची झालर, आणि तुम्ही पाटावर गुडघे टेकून म्हणताय, "हळू सोड, प्रेमानं सोड, ह्याचंच लग्न आहे असं समज." आईला हसू आवरेना, ती स्टुलावरून पडायची राहिली. मग तुम्हीपण हसलात, कॅमेरा हलला, पुन्हा पहिल्यापासून. आपल्या घरातलं एवढं हसणं मला दुसरं आठवत नाही. ते दाणे तुम्ही त्यांच्या टेपमध्ये असे बेमालूम बसवलेत की कुणाच्या बापाला कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस आईला केर काढताना लाल ज्वारी सापडत होती.

त्या अक्कलकोटकडच्या लग्नातला नवरदेव आता सांगोल्याला डाळिंबाचा मोठा व्यापारी आहे, आणि टीव्हीवर थांबलेलं लग्न त्याच्या मुलीचं. म्हणजे घरची ऑर्डर. घरच्या ऑर्डरला नाही म्हणायचं नसतं, हेपण तुमचंच. आला, स्टुलावर बसला, मांडीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्या वडलांनी आमची अक्षता काय टिपली हुती! आजून डोळ्यापुढं हाय. पावण्यारावळ्यास्नी लई दावली मी. तशीच पायजे बगा पोरीची. पैल्या दाण्यापास्नं."

मी म्हटलं, "होय की." दुसरं काय म्हणणार? तो माणूस आमच्या स्वयंपाकघराची तारीफ करत होता.

ह्या वेळी आपले दोन्ही कॅमेरे चालू होते, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. पण आता लोकांचा अक्षता टाकायला एकच हात मोकळा असतो, दुसऱ्यात मोबाईल. सावधान म्हटलं की सगळा मांडव मोबाईल उंच धरून उभा राहिला आणि आपल्या दोन्ही कॅमेऱ्यांत नुसत्या पाठी. नवरा-नवरी धड दिसतात ती फक्त नवरीच्या मामेभावाच्या मोबाईलमध्ये, तो सगळ्यांना ढकलून पुढं घुसला होता म्हणून. त्या शहाण्यानं मूळ व्हिडिओ मोबाईलमध्ये जागा नाही म्हणून पुसून टाकला. आपल्याकडं आला तो चार जणांच्या मोबाईलवरून फिरून फिरून, आणि प्रत्येक मुक्कामाला फाईल लहान व्हावी म्हणून थोडा थोडा दाबला जाऊन.

इथून पुढचं सगळं तुमच्या नातीनं केलं. तिला तुम्ही पाहिलं नाहीत. यंदा बारावी झाली. चिडली की तुमच्यासारखं नाक फुगवते. दहावीच्या सुट्टीत माझ्यामागं येऊन बसायची, बघता बघता खुर्चीवर ती आणि मागच्या स्टुलावर मी, असं झालं. गिऱ्हाईक आलं की मी मागून "जरा डावीकडं घे, तिथं काप" असं काहीतरी बोलतो, म्हणजे त्यांना वाटतं मीच सांगतोय. तीपण "हो पप्पा" म्हणते आणि तिला हवं तेच करते.

पहिलं दुखणं आवाजाचं निघालं. सुरुवातीला ओठ आणि मंगलाष्टकं जुळत होती, पण जसजसं पुढं जावं तसतसं सुटत गेलं, शेवटी अक्षता पडून गेल्यावर स्वामींचं सावधान ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, स्वामी म्हातारे झाले. ती म्हणाली, "पप्पा, थट्टा नको. ह्याच्या फ्रेम बघा." तुमच्या वेळी सगळं पंचवीस होतं ना, एका सेकंदाला पंचवीस चित्रं. कॅमेरा पंचवीस, टेप पंचवीस, टीव्ही पंचवीस. आता प्रत्येक मोबाईल मनाचा राजा. उजेड असला तर तीस, मांडवात जरा अंधारलं की गुपचूप कमी करतो, आणि कुणाला सांगत नाही. आपण पंचवीसच्या मापात घातलं की आवाज एकीकडं, चित्र एकीकडं. तिनं आधी त्या व्हिडिओला एका चालीत आणलं, सगळीकडं पंचवीस, आणि मग कापाजोडायला घेतला. आवाज जागेवर बसला. मी खालून दोन स्पेशल चहा मागवले.

पण अक्षतेचा तुकडा तसाच. दाणे पडायला लागले की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, लाल चिखल उडाल्यासारखे. मी विचारलं, असं का? तर मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगायला लागली. "दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण ठेवत नाहीत, पप्पा. एक पूर्ण ठेवतात, आणि पुढं फक्त काय बदललं तेवढंच. नवरी नुसती बसलेली असली तर काय बदलणार, पापणी. ते थोडक्यात बसतं. पण अक्षता पडल्या की कोपरान्‌कोपरा बदलतो, आणि तेवढं मावत नाही. त्यात लाल रंग सगळ्यात आधी फुटतो." मी मान हलवली. मनात म्हटलं, माझी आजवरची सगळी वर्षं असल्या हिशेबानं केवढीशा फाईलीत बसतील. एक चित्र पूर्ण, पुढं बदल काही नाही.

तिनं त्यावर मेहनत घेतली, चौकोन पुसट केले, रंग सावरला, आणि फाईल काढताना जागा सढळ दिली. आपल्या कॉम्प्युटरवर सुरेख दिसायला लागलं. आणि मग आगीतून फुफाट्यात. हॉलच्या पडद्यावाल्याकडं एक जुना डबा आहे, त्यात पेनड्राइव्ह घालायचा आणि तो पडद्यावर दाखवतो. तसलाच एक डबा त्यानं तपासून बघायला दिला होता. त्यावर लावलं तर बाकी लग्न नीट, आणि अक्षता आली की गचकन थांबतं. फाईल जड आहे, डब्याला ओढवत नाही. हलकी केली तर चालतं, पण पुन्हा लाल चिखल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पडद्यावाल्याला फोन केला, म्हटलं, मी कॉम्प्युटरच रिक्षात घालून हॉलवर आणतो. तो म्हणाला, "भाई, मेरे पडदे को बाहर की वायर नक्को. पिछली शादी में एक ने जलाया." संपला विषय.

हे चाललं होतं काल, शुक्रवारी. आणि शनिवारी, म्हणजे आज, तुमच्या नातीला पुण्याच्या कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख. कॉम्प्युटरच्या डिग्रीला तिचा नंबर लागलाय. त्यासाठी कालच्याच दुपारची बस होती. बायकोचा फोन आला, "तिची बॅग मी भरलीय. माझीपण भरलीय. ती येणारय की नाही तेवढं विचारून सांगा की." मी फोन तसाच हातात धरून तिच्याकडं बघितलं.

स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "पप्पा, मी नाही जात. ह्याला अजून दोन-तीन प्रकारे काढून बघायला लागणार. इथल्याच कॉलेजात घेते की ॲडमिशन. कॉलेजपण होतंय, दुकानपण होतंय."

व्यापारी स्टुलावर बसलेला होताच, अक्षता झाली का बघायला सांगोल्याहून आलेला. तो खुशीत आला. "मग काय तर! आजापास्नं चालत आल्यालं दुकान हाय. एवढी हुशार पोर, कशाला पुण्याला धाडताय? आमच्या धाकट्याचं लगीन हाय की मार्गशीर्षात, त्यालाबी हीच पायजे आमाला." पोरगी हसली. तिला बरं वाटलं होतं. मलापण वाटलं. खोलीतली हवा एकदम गोड झाली, आणि मला घाम फुटला. असंच असतं ते. कुणी दार लावत नाही, कुणी दरडावत नाही, चार माणसं कौतुक करतात आणि आपण आपल्या पायानं आत येऊन बसतो.

आणि अप्पा, माझ्या तोंडात ते तुमचं वाक्य आलं. सवयीनं यावं तसं आलं, तुमच्याच आवाजात. "एवढं लग्न" हे दोन शब्द तर बाहेर पडलेसुद्धा. तिनं मान वळवली. "काय?"

"एवढं लग्न माझ्यावर सोड," मी म्हणालो. "तू घरी जा, जेव, आवर. बस चुकायची नाही."

"तुम्हाला जमणारय का?" असं तिनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"तुझ्या आधी हे दुकान काय भुतं चालवत होती का गं? ऊठ." जरा जोरातच बोललो. तिचं नाक फुगलं. व्यापारी खाली बघायला लागला. ती उठली, खुर्ची अशी ढकलली की ती गरकन फिरली, आणि जिना उतरून गेली. व्यापाऱ्यालाही मी चहाला पाठवलं. मग अर्धा तास मी तिनं सांगितलेले सगळे आकडे उलटसुलट करून बघितले. शेवटी हात टेकले, डब्याची वायर टीव्हीमागून काढली आणि तिथं कॉम्प्युटरची लावली. डबा तसाच पुढं मांडून ठेवला, त्याचा हिरवा दिवा लागलेला.

दोघी मायलेकी बॅगा घेऊन आल्या. गठ्ठ्यांमुळं बॅग जिन्यातून वर येईना, म्हणून पोरगी मधल्या पायरीवरच थांबली. तिथून उघड्या दारातून टीव्ही दिसतो. मी बटण दाबलं. सावधान झालं, अक्षता पडल्या, पहिल्या दाण्यापासून शेवटच्या दाण्यापर्यंत पडल्या, कुठं थांबलं नाही की फुटलं नाही.

"काय केलंत?" ती खालून ओरडली.

"आमच्या वेळची युक्ती आहे," मी म्हटलं.

"सांगा की!"

"दिवाळीला आलीस की सांगतो. चल, रिक्षा थांबलीय."

स्टँडवर खिडकीतून तोंड काढून ती सूचनाच देत होती. पेनड्राइव्ह दोन न्या, एक चालला नाही तर दुसरा असावा. हॉलवर आवाज आधी तपासा. त्या मामेभावाला सांगा, पुढच्या वेळी मूळ व्हिडिओ पुसू नको. तिची आई म्हणाली, आता पुरे कर बाई. आज सकाळी फोन आला, हजर झाली, सह्या झाल्या, हॉस्टेलची खोली बघायला चालल्यात. "अक्षता चालतीय ना पप्पा डब्यावर?" मी टीव्हीकडं बघितलं. डब्याची वायर मी रात्रीच परत लावली होती, आणि हे दाणे असेच हवेत होते. म्हटलं, "पळतीय की."

संध्याकाळी काय होणार ते होईल. लाल चिखल दाखवीन नाहीतर आपल्या कॅमेऱ्यातल्या पाठी दाखवीन. व्यापारी चारचौघांत बोलेल, बोलू दे, तुमच्या नावानं दोन जास्तच बोलेल. मार्गशीर्षातली ऑर्डर मात्र तो काढून घेणार नाही, घरची आहे ना. ती मला एकट्यालाच करावी लागणार, आणि त्यातलं मला फारसं येत नाही. खुर्चीवर मी, मागं स्टूल रिकामं. आता इथून सुटायची माझी बारी गेली, ते कळतंय मला. हे कागद कुठं पाठवणार? बायको यायच्या आत फाडून टाकीन.

तुमच्यावरचा राग गेलाय असं समजू नका. गेलेला नाही. पण एक सांगतो, घरात कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून तुम्हाला सांगतो. काल बस हलली तेव्हा मी हसत होतो, हात हलवत होतो, आणि मनातल्या मनात तिला म्हणत होतो, उतर बाळा, उतर. बस गेटातून वळून दिसेनाशी होईपर्यंत म्हणत होतो.